मास्तरांचं बोट

मास्तरांना पक्षाघात झाल्याचं कळलं तेव्हा मला आनंद झाला. पाळक होऊ पाहणाऱ्या माणसाने असं वाक्य लिहू नये. मी ते तीनदा खोडलं. पण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे, म्हणून राहू देतो.

मी तेव्हा सुरतेतल्या एका मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वर्षभराच्या प्रशिक्षणाला होतो. कॉलेजात धर्मशास्त्र शिकून झालं की खऱ्याखुऱ्या मंडळीत एक वर्ष काढावं लागतं. महिन्यातून एकदा संदेश द्यायचा, दर रविवारी शास्त्रपाठ वाचायचा, लहान मुलांचा वर्ग घ्यायचा आणि गुरुवारी आजाऱ्यांच्या घरी भेटीला जायचं. वर्षाअखेरीस अहवाल जातो. त्यावर दीक्षा मिळते किंवा मिळत नाही. अहवालावर सही पाळकसाहेबांची असते, पण आमचे पाळकसाहेब मवाळ गृहस्थ. मजकूर मास्तर सांगतील तोच. मास्तर म्हणजे मंडळीतले सगळ्यात ज्येष्ठ पंच, निवृत्त मुख्याध्यापक, पहिल्या बाकावर उजव्या टोकाला बसणारे.

माझे वडील, आबा, सुरतेजवळच्या सचिन गावी कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात आहेत. आमच्या घरात सातवीच्या पुढे गेलेला मी पहिला. मी पाळक होणार हे आबांनी कारखान्यात सगळ्यांना सांगून टाकलं होतं. तिथल्या ओडिया कामगारांना पाळक म्हणजे काय ते कळत नव्हतं, तर त्यांना हाताने क्रूस काढून दाखवला होता.

माझा दोष एकच, आणि तो मोठा होता. मी बोलताना थांबतो. अडखळत नाही, पण पुढचा शब्द बरोबर आहे याची खात्री होईपर्यंत तो तोंडातून काढायला मला भीती वाटते. कॉलेजात बाकीच्यांची वाक्यं घरून तयार होऊन आल्यासारखी असत. माझी मी तिथल्या तिथे बनवत असे.

मास्तरांना माझं थांबणं सहन होत नसे. मी वेदीपाशी उभा राहून थांबलो, की पहिल्या बाकाच्या लाकडावर त्यांच्या उजव्या हाताचं बोट आपटायचं. टक् टक्. फार मोठ्याने नाही. मला ऐकू येईल आणि पहिल्या तीन बाकांना हसू येईल, एवढंच. आवाज झाला की पुढचा शब्द आणखी लांब जायचा. मग पुन्हा टक् टक्.

उपासना संपली की बाजूच्या खोलीत पंच बसत आणि माझ्या संदेशावर चर्चा करत. ते बसलेले, मी उभा.

"ब्रदर," मास्तर म्हणायचे, "त्या दुसऱ्या मुद्द्यात वाक्य अर्धं सोडून कुठे गेला होतात? चहा प्यायला?"

"नाही, सर."

"मग आम्हाला तरी पाजायचा. आम्ही वाट पाहत होतो."

बाकीचे पंच हसायचे. मीही हसायचो. एवढ्यावर राहिलं असतं तर मी विसरलो असतो. शिकणाऱ्याने ऐकून घ्यायचं असतं, हे मला कबूल आहे.

ऑगस्टमध्ये माझ्या संदेशाला पहिल्यांदाच आबा आणि माय आले. आबांनी पांढरा शर्ट घातला होता. ते शेवटच्या बाकावर बसले आणि पहिलं गीत सुरू झाल्याबरोबर गायला लागले. लूमवर पंचवीसेक वर्षं काढलेल्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. कान अर्धे गेलेले असतात. आबांचा आवाज पेटीच्या वर गेला, सगळ्यांच्या वर गेला. पहिल्या बाकावरून मास्तर पूर्ण वळून मागे बघत राहिले, एक अख्खं कडवं.

नंतर चर्चेच्या खोलीत आबा पेढ्यांचा पुडा घेऊन आले. सगळ्यांना द्यायचे होते. दारातच थांबून म्हणाले, "सलाम, साहेब."

"तुम्हीच का ते?" मास्तर म्हणाले. "अहो, हा कारखाना नाही. देवाला ऐकू येतं. जरा बेताने गात जा."

आबांना ऐकू गेलं नसावं असं मला वाटलं. ते मास्तरांच्या तोंडाकडे बघत होते.

"आणि तुमचा मुलगा मध्येमध्ये बंद पडतो. घरात कुणी वाचणारं नाही, त्याचा परिणाम. तुमची चूक नाही म्हणा."

"चुकी झाली, साहेब," आबा म्हणाले. पुडा टेबलावर ठेवला आणि हात जोडले.

मास्तरांनी काय म्हटलं ते मी सहन केलं असतं. पण आबांचे जोडलेले हात माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. त्या दिवसापासून मी बदल्याचा विचार करू लागलो, आणि नेमाने करू लागलो. माझ्या संदेशवहीच्या मागच्या पानांवर मी मास्तरांचं प्रत्येक वाक्य लिहून ठेवायचो. जुन्या स्तोत्रांमध्ये शत्रूचं वाटोळं मागणारी स्तोत्रं आहेत. कॉलेजात ती भराभर उरकतात. मी ती सावकाश वाचली. एका स्तोत्रावर तर मला संदेशही सुचला होता. मी मनात एक चित्र रंगवायचो: मास्तर वेदीपाशी उभे आहेत, त्यांना शब्द सापडत नाही, आणि मी पहिल्या बाकावर उजव्या टोकाला बसलो आहे.

आबा त्यानंतरही महिन्यातून एकदा येत राहिले. पण गायचं त्यांनी सोडलं. उभे राहायचे, गीताचं पुस्तक धरायचे आणि नुसते ओठ हलवायचे. वेदीपाशी उभं राहिल्यावर मला शेवटच्या बाकावरचे त्यांचे ओठ दिसत. कडवं न् कडवं पूर्ण, आवाज शून्य. माझ्या वहीत हेही लिहिलेलं आहे.

नाताळानंतर आठवडाभरात मास्तरांना झटका आला. उजवी बाजू गेली, आवाज गेला. डोकं शाबूत होतं. त्यांच्या सूनबाईंना डॉक्टरांनी सांगितलं होतं की बोलायचा सराव करवून घ्या, तोंडपाठ असलेलं म्हणवून घ्या. पाळकसाहेबांनी मला बोलावलं.

"ब्रदर, दर गुरुवारी तुम्ही जा. प्रभूची प्रार्थना म्हणवून घ्या त्यांच्याकडून. ईस्टरला ती तेच म्हणायचे ना पुढे उभं राहून? यंदाही म्हणायची आहे म्हणतात. म्हणजे म्हणत नाहीत, पण सूनबाई म्हणतात की त्यांच्या मनात तेच आहे."

"मी जाईन," मी म्हणालो. न थांबता म्हणालो.

मास्तर भेस्तानला तळमजल्यावर राहतात. पहिल्या गुरुवारी दुपारी चारला गेलो. ते खिडकीशी खुर्चीत होते, हनुवटीखाली रुमाल. उजवा हात मांडीवर, कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. मी आधी त्या बोटाकडे पाहिलं. ते हलत नव्हतं. मग मी तोंडाकडे पाहिलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. लूमच्या कारखान्यात कुणाला कुणाचं ऐकू येत नाही. शेकडो लूम एकदम चालतात, तिथे ओरडून उपयोग नसतो. कामगार ओठांवरून बोलतात. चार लूम पलीकडचा माणूस काय म्हणतो ते आबा इथून वाचतात, आणि त्या माणसाच्या एका गालात तंबाखू असते, म्हणजे अर्ध्याच तोंडाचं वाचतात. शाळेच्या सुट्टीत मी आबांचा डबा घेऊन जायचो. दारातूनच आम्ही बोलायचो. "ठेव तथा." "मायनी काय धाडं?" "वांगं." घरीसुद्धा आबा कधी कधी आवाज काढायचा विसरतात आणि आम्हाला काही फरक पडत नाही. माझ्या घरात पुस्तक नव्हतं हे खरं. पण हे होतं.

मास्तरांच्या तोंडाची डावी बाजू चालत होती. आवाज म्हणून नुसता "ह... ह..." एवढाच निघायचा. पण ओठ बोलत होते. दुसऱ्या गुरुवारी मी त्यांचा पहिला शब्द वाचला. तो होता "हळू".

कारण मी भराभर म्हणत होतो. आयुष्यात कधी नव्हतो इतक्या वेगाने. प्रभूची प्रार्थना मी एका दमात संपवायचो. मास्तरांचे ओठ दुसऱ्या शब्दापाशी असताना माझं आमेन व्हायचं.

"हळू," त्यांचे ओठ म्हणायचे. "हळू."

स्वयंपाकघरातून सूनबाई हात पुसत यायच्या. "काहीतरी सांगतात बघा ते. मला तर काहीच समजत नाही. तुम्हाला कळतं का, ब्रदर?"

"नाही, ताई."

"रोज काय ना काय सांगत असतात. चमच्यानं भरवते तेव्हा पण. मग चिडतात, मग रडतात. मला वाटलं, तुम्ही एवढे शिकलेले..."

"नाही कळत, ताई."

मला कळत होतं. चमच्यानं भरवताना ते "गरम" म्हणत होते, तेही मी एकदा पाहिलं आणि गप्प बसलो. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. दर गुरुवारी मी वेळेवर गेलो. माझ्या भेटवहीत सगळ्या भेटींची नोंद आहे, पाळकसाहेबांनी त्यावर "उत्तम" लिहिलं आहे. क्षमा मागण्याची आणि करण्याची ओळ त्या प्रार्थनेत बरीच पुढे येते. आम्ही दोघं तिथपर्यंत एकदाही बरोबर पोहोचलो नाही.

मार्चमध्ये एकदा ते पहिला शब्द जुळवत असताना थांबले. अगदी माझ्यासारखे, शब्द समोर दिसतोय पण उचलला जात नाही असे. माझं बोट त्यांच्या खुर्चीच्या लाकडी दांड्यावर गेलं. टक् टक्.

मास्तरांनी बोटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. "कळतंय," ते म्हणाले. प्रश्न नव्हता तो. मग पुन्हा, "तुला कळतंय."

"येतो, सर," मी म्हणालो. परतीच्या बसमध्ये मला हसू येत होतं. माझ्या शेजारी साड्यांचं गाठोडं मांडीवर घेतलेली एक बाई बसली होती, तिने मला विचारलं, "परीक्षा पास झालास का, बेटा?"

ईस्टरला मंडळी भरलेली होती. मास्तरांना चाकाच्या खुर्चीत बसवून पुढे आणलं, लोकांकडे तोंड करून. सूनबाईंनी त्यांना कोट घातला होता. मी शेजारी उभा.

"तुम्ही सुरू करा," पाळकसाहेब माझ्या कानात म्हणाले. "ते तुमच्याबरोबर येतील. वेग तुमच्या हातात."

शेवटच्या बाकावर आबा होते. पांढरा शर्ट, हातात पुस्तक, बंद तोंड.

मी सुरू केलं आणि थांबलो नाही. माझ्यामागे सगळी मंडळी धावली. लोकांना लावू तो वेग लागतो. मास्तरांकडे मी पाहिलंसुद्धा नाही. आमेन झालं. खाली बसायचा आवाज झाला, आणि तो विरल्यावर सगळ्यांना ऐकू आलं. "ह... ह..." मास्तर अजून पहिल्या शब्दापाशी होते. सगळी मंडळी त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी ज्यांना ज्यांना शिकवलं होतं ते सगळे. पहिल्या तीन बाकांत कुणीतरी खाली मान घातली. सूनबाईंनी रुमाल तोंडाला लावला. पाळकसाहेब पुढचं गीत सांगायला पुस्तक उघडत होते.

मी इतके महिने ज्याची वाट पाहिली ते हेच होतं, आणि ते अगदी ठरवलं होतं तसंच झालं होतं.

"थांबा!"

पेटीवाला दचकला. आबा उभे होते.

"थांबा, साहेब. त्यासनं व्हयनं नही आजून." मग त्यांना आपण कुठे आहोत ते आठवलं असावं. "त्यांचं झालं नाही. चालू आहे त्यांचं."

आणि मास्तरांच्या ओठांवर नजर ठेवून आबांनी पहिला शब्द म्हटला. कारखान्यातल्या आवाजात. मग थांबले. मास्तरांचे ओठ पुढे गेले, आबांनी दुसरा म्हटला. मास्तर एका शब्दावर अडले तर आबा अडले, मास्तरांनी श्वास घेतला तर आबांनी घेतला. तिसऱ्या ओळीपासून मंडळी त्यांच्यामागे म्हणू लागली, एकेक शब्द, वाट बघत. मध्ये नुसता पंख्यांचा आवाज. मास्तरांचे डोळे वाहत होते आणि ते आबांकडे बघत होते. मी शेजारी पुस्तक मिटून उभा होतो. माझं तोंड उघडलं नाही. मला आबांचा राग आला होता, इतका राग मला मास्तरांचाही कधी आला नव्हता.

बाहेर गेटपाशी आबांनी मला गाठलं. माय चपला शोधत होती.

"तुले समजत व्हतं ना?"

"नही," मी म्हणालो.

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. खोटं बोलताना माझे ओठ कसे होतात ते त्यांना मी दुसरीत असल्यापासून माहीत आहे.

"त्यांनी तुम्हाला काय म्हटलं होतं, विसरलात का, आबा? हात जोडलेत तुम्ही!"

"मी काय बहिरा शे?" आबा म्हणाले. मग स्वतःच्या बोलण्याचं त्यांनाच थोडं हसू आलं. "आयकं व्हतं मी. म्हनीसन तं गानं बंद करं. त्यान्हा समोर मरेपर्यंत गानार नही, आसं ठरायेल व्हतं. माना बदला मी घेत व्हतू. तुले कोनी सांगं व्हतं?"

मायला एक चप्पल सापडली.

"आते माना बदलाबी मोडी गया," आबा म्हणाले, आणि मायला हाक मारली.

पुढच्या गुरुवारी मी भेस्तानला गेलो. जायचं नव्हतं, पण अहवालाची मुदत जवळ आली होती आणि पाळकसाहेबांनी कोरा फॉर्म माझ्याच हातात दिला होता. "मास्तरांना विचारा, ते काय सांगतात. तुमच्या वडिलांना समजतं, म्हणजे तुम्हालाही समजत असेलच की," म्हणाले. ते मवाळ आहेत, भोळे नाहीत.

मास्तर खिडकीशी होते. मी फॉर्म दाखवला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, मग ओठ हलले.

"काय म्हणतात?" सूनबाईंनी विचारलं.

"म्हणतात की..." मी थांबलो. "म्हणतात की आधी चहा टाका. मागच्या वेळी फार गरम होता."

सूनबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. मग मास्तरांकडे. "गरम? गरम म्हणत होते ते? अरे देवा!" आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या, पण जाताना त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी वहीत लिहिलेलं नाही. एवढे महिने मला कळत होतं हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

मास्तर सांगू लागले, मी लिहू लागलो. माझाच अहवाल, माझ्याच हाताने. वाटेल ते लिहिता आलं असतं. ते वाचू शकत होते, पण कागद माझ्याकडे होता आणि ते उठू शकत नव्हते.

संदेश: तयारी चांगली. वाचन: पूर्वी थांबत असे, आता घाई करतो. मुलांचा वर्ग: मुलांना आवडतो. इथवर ठीक होतं. आजाऱ्यांच्या भेटी: नियमित.

मग ते थांबले. मला वाटलं संपलं. मी पेनाचं टोपण हातात घेतलं.

त्यांचे ओठ पुन्हा हलले, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, फळ्यावर लिहितात तसं. "आजाऱ्याचं म्हणणं... त्याला समजतं. सांगत नाही."

माझी दीक्षा त्या एका ओळीमुळे पुढे ढकलली गेली. प्रशिक्षण सहा महिन्यांनी वाढलं आणि मी अजूनही दर गुरुवारी भेस्तानला जातो. मास्तरांना मी क्षमा केली आहे असं मला वाटत नाही. त्यांनी मला केली असेल असंही वाटत नाही. ती ओळ क्षमा करणाऱ्या माणसाची नव्हती. पण त्या दुपारी पुढचं काही माहीत नव्हतं. मला फक्त आबा दिसत होते, हाताने क्रूस काढून दाखवणारे. पेन कागदावर टेकलेलं होतं आणि हात चालत नव्हता.

खुर्चीच्या दांड्यावर आवाज झाला. टक् टक्. या वेळी डाव्या हाताचं बोट होतं.

मी लिहिलं.